एका टेबलावर तीन कॉम्प्युटर, मॉनिटर एकच: केव्हीएम स्विच कसा निवडायचा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. फौंड्रीवाल्यांना पॅटर्नची ड्रॉइंग आणि सीएनसीचे प्रोग्रॅम करून द्यायचं काम. टेबल चार फुटांचं, कॉम्प्युटर तीन. थ्रीडीसाठी नवा डेस्कटॉप. विंडोज ७ वरचा जुना सीपीयू, कारण प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर आणि त्याचं डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) नव्या विंडोजवर चालतच नाही. आणि मेल, बिलं, जीएसटी यांसाठी लॅपटॉप. बरीच वर्षं मी मॉनिटरच्या मागे हात घालून पिना काढायचो आणि बसवायचो. त्यानं मॉनिटरचा पोर्ट ढिला झाला, तेव्हा केव्हीएम स्विच शोधायला लागलो. केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस: एकाच कीबोर्ड-माउस-मॉनिटरवर अनेक कॉम्प्युटर आलटून पालटून चालवू देणारा डबा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ओळखीतले बरेच जण याच ठिकाणी आले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती बऱ्याच जुन्या मशीनमध्ये नसते. नवा कॉम्प्युटर येतो, पण जुना टाकवत नाही, कारण दहा वर्षांचा हिशेब त्यात असतो. मग फोन येतो, ‘कुठला स्विच घेऊ?’ मी उलट विचारतो, चित्राबरोबर आणखी काय काय इकडून तिकडे जायला हवं? मॉनिटर वाटून घेणं हा या कामातला सोपा भाग आहे. पैसे वाया जातात ते बाकीच्या गोष्टींचा विचार न केल्यामुळं.

आधी कागद घ्या

दुकानात जाण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे टॉर्च मारून बघा आणि लिहा: चित्र बाहेर येणारे पोर्ट कोणते (व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट, टाइप-सी), यूएसबीचे किती रिकामे, आणि तो कॉम्प्युटर दिवसातून किती वेळा समोर लागतो. डेस्कटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही, कार्डाच्या पोर्टमध्ये केबल जायला हवी, त्यामुळं कार्डाचेच पोर्ट लिहा.

मग मॉनिटरच्या मागचे पोर्ट, त्याचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्यानं उमटतं, ते हर्ट्‌झमध्ये). विंडोजमध्ये हे सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले आणि त्यात अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथं दिसतं. शेवटी, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाताना सोबत काय यायला हवं त्याची यादी: कीबोर्ड, माउस, हेडफोन, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, वेबकॅम. या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. राजारामपुरीतल्या दुकानात उभं राहून ‘माझ्याकडं बारकी पिन आहे की मोठी’ हे आठवत बसावं लागत नाही.

स्विच लागतोच का?

मॉनिटरला दोन इनपुट असतील आणि कॉम्प्युटर दोनच असतील, तर चित्रासाठी काहीच विकत घ्यायला नको. एक कॉम्प्युटर एचडीएमआयला, दुसरा डिस्प्लेपोर्टला जोडा आणि मॉनिटरच्या बटणानं इनपुट बदला. उरले कीबोर्ड-माउस. त्यासाठी फक्त यूएसबी शेअरिंग स्विच मिळतो. तो स्वस्त असतो, आणि चित्र त्यातून जातच नसल्यामुळं बिघडायचा प्रश्न येत नाही. ज्यांचं काम दोन कॉम्प्युटरवर भागतं त्यांना मी हाच मार्ग सांगतो.

मॉनिटरचं बटण खाली हात घालून शोधायचा कंटाळा येत असेल तर तेही टळतं. बहुतेक मॉनिटर डीडीसी/सीआय नावाची सोय देतात. त्यात कॉम्प्युटर त्याच केबलमधून मॉनिटरला ‘इनपुट बदल’ असा हुकूम देऊ शकतो. विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर आणि लिनक्सवर डीडीसीयूटिल ही मोफत साधनं हे काम करतात. कीबोर्डचा एखादा शॉर्टकट त्याला बांधून ठेवायचा. आधी मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय चालू आहे का ते बघा.

काही मॉनिटरमध्ये केव्हीएम आतच असतो. मॉनिटरच्या मागे प्रिंटरला असते तशी चौकोनी यूएसबी पिन आणि शिवाय टाइप-सी असेल, तर त्याचं मॅन्युअल वाचा. पुष्कळांकडं ही सोय असते आणि त्यांना ती माहीतच नसते.

दुसरा कॉम्प्युटर दिवसातून एकदा-दोनदाच लागत असेल तर रिमोट डेस्कटॉपही, म्हणजे नेटवर्कवरून त्याचा स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर उघडणंही, चालतो. त्यासाठी ज्या मशीनमध्ये शिरायचं त्यावर विंडोज प्रो हवं, होम चालत नाही. माउस विदाउट बॉर्डर्ससारखी सॉफ्टवेअर मात्र या कामाची नव्हेत. ती कीबोर्ड-माउस वाटून देतात, पण प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा स्क्रीन आहे असं धरून चालतात.

माझ्या बाबतीत रिमोट डेस्कटॉप बादच होता. विंडोज ७ ला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, म्हणून ते मशीन मी नेटवर्कला जोडतच नाही. असं बाजूला ठेवलेलं मशीन, किंवा तीन आणि त्याहून जास्त कॉम्प्युटर, असं असेल तर खरा केव्हीएम घ्यायचा.

दुकानात शब्द नीट वापरा. ‘स्प्लिटर’ एका कॉम्प्युटरचं चित्र अनेक मॉनिटरवर नेतो. आपल्याला हवंय ते उलटं. नुसता ‘एचडीएमआय स्विच’ चित्र बदलतो, पण कीबोर्ड-माउस नाही. तिन्हींचे डबे दिसायला सारखेच असतात आणि घाईत चुकीचा हातात पडतो. डब्यावर ‘दोन इनपुट, एक आउटपुट’ असं चित्र आणि सोबत यूएसबीचे पोर्ट, हे दोन्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.

चित्राचा हिशेब

व्हिडिओ केबलमधून दर सेकंदाला किती ठिपके जाणार यावर सगळं ठरतं. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० मॉनिटरला ६० हर्ट्‌झवर १४८.५ मेगाहर्ट्‌झचा पिक्सेल क्लॉक लागतो. २५६० बाय १४४० ला साधारण २४१, आणि फोर-के ६० हर्ट्‌झला ५९४. एचडीएमआय १.४ ची मर्यादा ३४० आहे, एचडीएमआय २.० ची ६००. म्हणजे फुल एचडी किंवा १४४० वाल्यांना १.४ चा स्विच पुरतो, जास्त पैसे घालायचं कारण नाही. फोर-के असेल तर २.० खाली घेऊच नका.

डब्यावर मोठ्या अक्षरात ‘फोर-के’ लिहिलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात ३० हर्ट्‌झ. ३० हर्ट्‌झवर चित्र दिसतं, पण माउसचा बाण ओढल्यासारखा मागून येतो आणि दिवसभर ड्रॉइंग करणाऱ्याचे डोळे दुखतात. ‘फोर-के’च्या पुढचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

एचडीएमआय की डिस्प्लेपोर्ट? तुमचे कॉम्प्युटर वेगवेगळ्या वयाचे असतील तर एचडीएमआयचा स्विच घ्या. कारण साधं आहे, बाकी बहुतेक सगळं एचडीएमआयमध्ये सहज बदलता येतं. डीव्हीआयला नुसती केबल पुरते. डेस्कटॉपच्या डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढायला बहुतेक वेळा साधा अॅडाप्टर चालतो. उलटं, म्हणजे एचडीएमआयच्या लॅपटॉपमधून डिस्प्लेपोर्टच्या स्विचमध्ये जायचं तर वेगळी पॉवर घेणारा कन्व्हर्टर लागतो. या केबल एकाच दिशेनं चालतात. दोन्ही टोकं बरोबर बसली तरी चित्र येत नाही, तेव्हा केबल खराब समजून लोक दुसरी, तीही तशीच, घेऊन येतात.

सगळ्या मशीनना डिस्प्लेपोर्ट आहे आणि मॉनिटर १४४ हर्ट्‌झचा आहे, असं असेल तरच डिस्प्लेपोर्ट १.४ च्या स्विचकडं वळा. तो महाग पडतो, आणि त्यात स्वस्तातला माल घेणं मी टाळायला सांगेन.

व्हीजीए ही १९८७ मधली, आयबीएमच्या पीएस/२ कॉम्प्युटरबरोबर आलेली अॅनालॉग पद्धत. स्वस्त व्हीजीए स्विचमधून गेल्यावर अक्षरांना सावली पडते. जुन्या सीपीयूला तेवढीच पिन असेल तर त्या सीपीयूच्या पाठीलाच व्हीजीए-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर लावा, यूएसबीतून पॉवर घेणारा. माझा विंडोज ७ असाच चालतो. कन्व्हर्टर घेताना नाव नीट वाचा. एचडीएमआय-टू-व्हीजीए हा वेगळा आणि जास्त खपणारा प्रकार आहे, दुकानदार सवयीनं तोच पुढं करतो.

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र येईलच असं समजू नका. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचे असतात. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण आहे का बघा, नसेल तर मॉडेलची माहिती वाचा.

केबलची लांबी दोन्ही बाजूंची मिळून मोजायची, कॉम्प्युटरपासून स्विच आणि तिथून मॉनिटर. फोर-केसाठी दीड-दीड मीटरच्या चांगल्या केबल ठेवा. स्विच आल्यावर चित्र लुकलुकायला लागलं तर आधी केबल बदलून बघा.

कीबोर्ड-माउस आणि बाकीचे डोंगल

स्विचचे यूएसबी पोर्ट दोन तऱ्हेचे असू शकतात. कीबोर्ड-माउसच्या खास पोर्टात स्विच मध्ये बसून प्रत्येक कॉम्प्युटरला ‘कीबोर्ड लावलेलाच आहे’ असं भासवत राहतो. त्यानं बदल झटकन होतो आणि कॉम्प्युटर चालू होताना कीबोर्ड नसल्याची तक्रार करत नाही. पण जादा बटणांचे माउस आणि दिव्यांचे कीबोर्ड अशा पोर्टात अर्धवट चालतात. ते बाजूच्या साध्या यूएसबी पोर्टात लावून बघा.

ब्लूटूथ कीबोर्ड केव्हीएमला कळत नाही, कारण त्याची जोडी थेट कॉम्प्युटरशी असते. छोट्या रिसीव्हरचा वायरलेस माउस चालतो, पण रिसीव्हर यूएसबी ३.० च्या पोर्टाला चिकटून लावू नका. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येतो आणि माउस अडखळतो. हातभर यूएसबी २.० ची एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर दूर आणला की हा त्रास जातो.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं डोंगल स्विचमध्ये लावू नका. स्विच बदलला म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं डोंगल उपटलं. माझं प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर त्या क्षणी बंद होतं, सेव्ह न केलेलं काम जातं. ते डोंगल आता जुन्या सीपीयूच्या मागे कायमचं आहे. डिजिटल सहीचं टोकन मात्र स्विचवर सोयीचं. फक्त सही चालू असताना बटण दाबायचं नाही. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क ‘इजेक्ट’ केल्याशिवाय बदल करू नका, फाइल खराब होते. आणि नेटवर्कबाहेर ठेवलेल्या मशीनसाठी स्विचवरच्या पेन ड्राइव्हचा रस्ता टाळाच, नाहीतर व्हायरसला तिथं जायची वाट आपणच करून देतो.

बदलायचं कसं, तेही बघून घ्या. काही स्विच स्क्रोल लॉक दोनदा दाबून बदलतात, काही कंट्रोल दोनदा. ड्रॉइंग करणाऱ्याचं बोट कंट्रोलवर सारखं असतं, त्यामुळं ती सोय बंद करता येते का विचारा. मला वायरच्या टोकाला असलेलं वेगळं बटण आवडतं. डबा टेबलाखाली चिकटवता येतो आणि वरती फक्त बटण राहतं.

पॉवरसाठी अॅडाप्टर लावायची जागा असलेला स्विच घ्या. यूएसबी २.० च्या एका पोर्टातून ५०० मिलिअॅम्पिअर मिळतात, त्यात स्विच, कीबोर्ड, माउस, टोकन सगळं भागवायचं. वेबकॅम लावला की ओढाताण होते आणि मधूनच सगळं तुटतं.

खिडक्या का विस्कटतात

मॉनिटर जोडला की तो केबलमधून आपली ओळख सांगतो: कंपनी, आकार, कोणती रिझोल्यूशन चालतात. या माहितीला ईडीआयडी म्हणतात, आणि तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. साध्या स्विचमध्ये तुम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलात की पहिल्याला ही ओळख मिळणं बंद होतं. त्याच्या लेखी मॉनिटर काढून नेला. तो खिडक्या लहान करतो, आयकॉन कोपऱ्यात गोळा करतो, लॅपटॉप असेल तर सगळं त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर ढकलतो. परत आलात की दोन-चार सेकंद काळा स्क्रीन आणि मग मांडणी पुन्हा लावत बसायचं. डिस्प्लेपोर्टमध्ये हा त्रास एचडीएमआयपेक्षा ठळक जाणवतो.

यावर उपाय म्हणजे ‘ईडीआयडी इम्युलेशन’ असलेला स्विच. तो मॉनिटरची ओळख स्वतःकडं साठवतो आणि सगळ्या कॉम्प्युटरना सतत दाखवत राहतो. दिवसातून वीस-तीस वेळा इकडून तिकडं जाणाऱ्यानं जास्तीचे पैसे द्यायचे असतील तर याच एका गोष्टीसाठी द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवसातून दोनदा बदलणाऱ्याला त्याशिवाय चालेल. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’ खाली खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवला की बरंच निभावतं.

अर्थिंग, आणि इथं घाई नको

दोन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी, वळीव येऊन गेल्यावर, मी नव्या स्विचमध्ये डेस्कटॉपची एचडीएमआय पिन घालत होतो. पिन टेकताना बारीकशी ठिणगी दिसली. ‘टक्’ असा आवाज आला, एवढाच. त्यानंतर ग्राफिक्स कार्डाच्या त्या पोर्टातून चित्र कधीच आलं नाही.

मी स्विचलाच दोष देत होतो. आमच्या गाळ्याची वायरिंग बघणारे इलेक्ट्रिशियन मामा आले. त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. जुन्या सीपीयूच्या पत्र्याला टेस्टर टेकवला, दिवा लागला. मग बोर्ड उघडला आणि मला आत बघायला लावलं. ‘हे बघा, तिसरी तार हितपर्यंत आलीच न्हाई. पिन तीन, तारा दोन.’

ते असं होतं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा सुमारे निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, हाताला मुंग्या आल्यासारखं वाटतं आणि आपण दुर्लक्ष करतो. पण व्हिडिओ केबलचं बाहेरचं कवच सगळ्या कॉम्प्युटरचे पत्रे एकमेकांना जोडतं. एक कॉम्प्युटर अर्थिंगवाल्या बोर्डावर आणि दुसरा बिनअर्थिंगच्या, असं असेल तर पिन घालताना तो सगळा फरक केबलमधून जातो. केव्हीएम म्हणजे तीन-चार कॉम्प्युटर असे एकत्र बांधणं, म्हणून इथं हे जास्त महत्त्वाचं.

स्विच आणण्याआधी एवढं करून घ्या. माहितगार इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. सगळे कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्विचचा अॅडाप्टर एकाच तीन-पिनी बोर्डावर, शक्यतो एकाच यूपीएसमागे घ्या. तीन-पिनीचा दोन-पिनी करणारा अॅडाप्टर टेबलाजवळ ठेवूच नका. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात पाणी घालायची आठवण ठेवा. व्हिडिओच्या केबल सगळं बंद करून, प्लग काढून जोडा. आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी आभाळ गडगडायला लागलं की बोर्डाचा प्लग काढून ठेवा.

घेताना आणि आणल्यावर

एटेन, डी-लिंक, यूग्रीन अशा नावांचे स्विच आपल्याकडं मिळतात. नावापेक्षा मॉडेलच्या माहितीपत्रकात या गोष्टी शोधा: किती कॉम्प्युटर, कोणतं रिझोल्यूशन किती हर्ट्‌झवर, ईडीआयडी इम्युलेशन, यूएसबी २.० की ३.०, अॅडाप्टरची जागा, केबल सोबत आहेत का. आज दोन कॉम्प्युटर असले तरी चार पोर्टांचा घ्यावा का? तिसरा मशीन येणार हे ठरलेलं असेल तरच. दोन मॉनिटरचा केव्हीएम लागत असेल तर प्रत्येक कॉम्प्युटरपासून दोन व्हिडिओ केबल येतात, टेबलाखालची जागा आधी बघा.

लॅपटॉप आणि केबल घेऊन दुकानात जा, तिथंच लावून बघू द्या म्हणा. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत बघा आणि त्या मुदतीत पूर्ण तपासणी करा.

तपासणी अशी. आधी प्रत्येक कॉम्प्युटर स्विचशिवाय थेट मॉनिटरला लावा आणि रिझोल्यूशन, हर्ट्‌झ लिहून ठेवा. मग स्विचमधून लावून तेच आकडे येतात का बघा. लागोपाठ वीस वेळा बदला. प्रत्येक कॉम्प्युटर झोपवून कीबोर्डनं उठवा. रिस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या मेनूत) शिरता येतं का बघा; जुन्या मशीनला यातच अडचण येते. कीबोर्ड नाही म्हणून ते थांबत असेल तर बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’चा पर्याय असतो, त्यात कीबोर्डची चूक सोडून द्यायला सांगता येतं. एक कॉम्प्युटर पूर्ण बंद करून बाकीचे चालतात का तेही बघा.

हे सगळं पार पडलं की प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा. माझ्याकडं डेस्कटॉपला लाल, जुन्या सीपीयूला पिवळी, लॅपटॉपला निळी, आणि स्विचच्या बटणाशेजारी तेच तीन रंग. ऑफिसात नवा मुलगा आला तेव्हा त्याला एवढंच सांगावं लागलं, पिवळ्यावर असताना पेन ड्राइव्ह लावायचा नाही.